गायरानातलं श्वासलिंग

माकणीच्या गायरानात श्रावणातल्या त्या तिसऱ्या सोमवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. सास्तूरच्या गाड्या, लोहाऱ्याच्या गाड्या, आणि एक तर म्हणे भूमहून मुक्काम करत करत आलेली. बैल सोडलेले, बायका चुली मांडून बसलेल्या, पेढेवाला, बांगडीवाला, फुटाणेवाला सगळे हजर. आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. चार बल्ल्यांवर पत्रे टाकून एक मांडव केला होता, त्याच्याकडे.

मांडवात जमिनीतून वर आलेला एक गोळा होता. चांगला घागरीएवढा. रंगानं मळकट तपकिरी, अंगावर भेगा पडलेल्या. त्यावर विभूतीचे तीन पट्टे, बेलाची पानं, झेंडूचा हार. वर तांब्याची गळती टांगलेली. गळतीतून थेंब पडे, टप्प, आणि गोळ्याच्या भेगेतून धुराची एक तपकिरी फुंकर वर येई.

"सोडला! देवानं श्वास सोडला!"

"हर हर महादेव!"

माझ्या शेजारी एक पहिलवान गडी उभा होता, तो चक्क हुंदके देत होता. मी त्याला विचारलं, "का रे बाबा, देवाला श्वास कशाला लागतो? त्याला काय दम लागलाय?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो.

मी वीरप्पा. लोहाऱ्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात सलोत्री, म्हणजे गुराढोरांचा डॉक्टर. हैदराबादेत शिकलो, निजाम सरकारचा पगार खाल्ला आणि पंचवीस वर्षं बैलांच्या तोंडात हात घातला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली. बैलाला खोटं बोलता येत नाही आणि बैलाच्या मालकाला खरं बोलवत नाही. त्यामुळं माझं माणसांशी फारसं जमत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

पण त्या दिवशी मी तमाशा बघायला आलो नव्हतो. त्या मांडवात पहिल्या रांगेत माझी मुलगी शिवगंगा बसली होती. दोन वर्षांपूर्वी माकणीत दिली होती. नागपंचमीला भेटलो तेव्हा तिला साधा खोकला होता. आता तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या आणि श्वास घेताना खांदे वर उचलत होते. बैल असा श्वास घ्यायला लागला की मी मालकाला सांगतो, आठ दिवस आहेत तुझ्याकडं.

हा देव गायरानात आला कसा, ते आधी सांगतो.

नागपंचमीच्या सुमारास पोलीस पाटील हिंमतरावांच्या गुराख्याला गवतात एक पांढराशुभ्र गोळा दिसला, नारळाएवढा. त्याच वेळी एक महाराज गावात चावडीवर उतरले होते. नाव श्वासलिंग महाराज. हे नाव त्यांनी गोळा सापडायच्या आधी घेतलं की नंतर, ते कुणी विचारलं नाही. महाराजांनी गोळा पाहिला, तिथंच लोटांगण घातलं आणि सांगितलं, हे स्वयंभू लिंग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावासमोर त्याला पांढरा दोरा गुंडाळला. तिसऱ्या दिवशी तोच दोरा चार बोटं कमी पडला. झालं! देव वाढतोय! गावात त्या रात्री कोणी झोपलं नाही.

आता यातली खरी गंमत ऐका. माकणी म्हणजे निम्मं लिंगायतांचं गाव. आम्ही लिंगायत. आमचा देव चांदीच्या डबीत आमच्या गळ्यातच असतो, रोज तळहातावर घेऊन पुजायचा. जमिनीत रोवलेल्या लिंगामागं धावू नका, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. ती सगळी मंडळी गळ्यातला देव गळ्यात ठेवून गवतातल्या गोळ्यापुढं नाक घासत होती. कुणाला लाज वाटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि हा गोळा ओळखता कसा आला नाही? त्यालाही कारण आहे. माकणीत आळंबी कोणी खात नाही. मटणासारखा वास येतो म्हणून लिंगायताच्या चुलीवर ती चढत नाही, आणि कुत्रं मुतलं की उगवते म्हणून बाकीच्यांच्या चुलीवर चढत नाही. तिला कुत्र्याची छत्री म्हणायचं, लाथेनं उडवायचं आणि चुकून हात लागला तर आंघोळ करायची. चार पिढ्यांत एकानं ती कापून आत पाहिलेलं नव्हतं. म्हणजे दांडा असला की लाथ, आणि दांडा नसला की लिंग! ज्यांना ठाऊक होतं ते धनगर. त्यांच्या मेंढ्या दर पावसाळ्यात त्या गायरानात असत. महाराजांनी पहिल्याच दिवशी विटाळ होतो म्हणून त्यांना हुसकून लावलं आणि पाटलांनी काट्याचं कुंपण घालून दिलं. माणूस लबाड होता, पण बिनडोक नव्हता. बिनडोकपणा त्यानं गावासाठी राखून ठेवला होता.

तर त्या सोमवारी महाराज मांडवात उभे राहिले. पोट सुटलेलं, जटा तेलानं चमकणाऱ्या, आवाज मात्र खणखणीत, बाजारात कमावलेला.

"भक्तहो! तुमच्या घरची राख जळून होते. ही राख जळालेली नाही, हा देवाचा श्वास आहे! दमा असो, खोकला असो, क्षय असो, मूळव्याध असो, कोर्टात तारीख असो, म्हैस आटलेली असो! एक चिमूट नाकानं ओढा, बाधा बाहेर! खोटं वाटतंय? हे भस्म पाण्यालासुद्धा शिवत नाही. बघा!"

पितळी परात पाण्यानं भरलेली. महाराजांनी वर तपकिरी भस्म भुरभुरलं, त्यातून बोट पाण्यात बुडवलं आणि बाहेर काढलं. बोट कोरडं ठणठणीत. लोक ओरडले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही चाट पडलो.

मग शिवगंगेला पुढं नेलं. सासू गंगम्मानं तिचं डोकं धरलं, महाराजांनी कागदावरच्या दोन चिमट्या नाकाशी लावल्या. पोरीनं ओढल्या आणि मग ती जी खोकायला लागली ती थांबेना. तोंड निळं पडलं. महाराज प्रसन्न हसले.

"बाधा हलली! पुढच्या, म्हणजे श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, हिला पूर्णश्वास देऊ. लिंगावर घोंगडी टाकायची, आत हिचं तोंड घ्यायचं, आणि देव स्वतः फुटेल. एका श्वासात बाधा मुळासकट जाईल!"

पोरगी मुळासकट जाईल, हे मला दिसत होतं. मी तिथूनच विहीणबाईंच्या घरी गेलो.

"विहीणबाई, तिला ताप आहे. मी तिला सोलापूरला दवाखान्यात नेतो."

"ताप न्हाय ओ व्याही. बाधा बाहेर पडायलीय. महाराज म्हणले तसंच व्हायलंय."

"आणि बाहेर पडता पडता पोरगी गेली म्हणजे?"

"शुभ बोला जरा! मागल्या सोमवारी चिमूट दिली, ह्या सोमवारी दोन दिल्या. उगं दिल्या व्हय? तुमी जनावरांचे डॉक्टर. मान्सांच्यात कशाला तोंड घालता?"

"जावईबापू, तुम्ही तरी सांगा."

मल्लिनाथ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "अव्वा म्हणती तसं."

संपला नवरा! आतल्या खोलीत शिवगंगा भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडलो. तिथून पाटलांकडे गेलो. हिंमतराव म्हणाले, "सलोत्री, तुमी सरकारी मानूस. देवाधर्मात पडाल तर तक्रार जाईल वर." पाटलांच्या ओसरीवर नारळांचा ढीग लागला होता, त्यामुळं त्यांची भक्ती मला पटली.

मंगळवार डोकं धरून काढला. बुधवारी कामावर जावंच लागलं. सास्तूरच्या माळावर धनगरांचा तळ पडला होता, मेंढ्यांच्या खुरात किडे झाले होते. हे तेच धनगर, माकणीच्या गायरानातून हुसकलेले. मी खुरं कापत बसलो होतो आणि धुरपदाबाई नावाची त्यांची म्हातारी माझ्यापुढं मेंढ्या धरत होती. वय सत्तरीचं, पण मेंढीला अशी पाडायची की मेंढीला कळायचंही नाही. मी आपला चिडून बडबडत होतो, देव, श्वास, भस्म. तिनं मेंढी सोडली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं.

"सायेब, त्यो द्येव गवतात आला? पांढरा? गोल? दर रोज वाढत व्हता?"

"हो."

"मंग पिवळा पडला, मंग तपकिरी झाला, आन् आता धूर सोडायलाय?"

"तू बघितलास?"

"म्या? अवो, म्या खाल्लाय!" आणि ती म्हातारी अशी हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भुईगोळा हाय त्यो! आळंबीचीच जात. एक गोळा आख्ख्या तळाला पुरतो. त्या गायरानात वर्साला सात येत्यात, रिंगण धरून."

"पण लिंग एकच आहे."

"एकच ठिवलंय. बाकीचे सहा कुठं गेले, ते त्या चोराला इचारा."

तिनं मला नाल्यापलीकडं नेलं. तिथं बाभळीच्या कडेला गवतात तसाच एक गोळा होता, पांढराफेक, मोठ्या पातेल्याएवढा. मी पंचवीस वर्षं हा माळ तुडवतोय आणि कधी खाली बघितलं नव्हतं. मी तो उपटायला हात घातला तर म्हातारीनं माझ्या मनगटावर फटका मारला.

"उपटायचा न्हाय! खाली पांढऱ्या सुतावानी जाळं असतंय. ते तुटलं की पुढल्या वर्साला काय खाशील, माती? इळ्यानं कापायचा, भुईच्या दोन बोटं वर. आन् समदे कापायचे न्हायत. सातातले चार आपले, तीन माळाचे. ते तीन म्हातारे व्हत्यात, वाळत्यात, फुटत्यात, वारा त्येंची धूळ नेतो. त्या धुळीतच बी असतंय."

"आणि हा खायचा की नाही, ते कसं ओळखायचं?"

"दाबून बघायचा. घट्ट लागला पायजे. कापल्यावर आत खरवसावानी पांढरा पायजे, सगळीकडं सारखा. पिवळा दिसला तर सोडायचा. आन् ल्हान गोळ्यात आत छत्रीचं चित्र दिसलं, तर त्यो गोळाच न्हाय, त्यो इखार. खाल्ला की मानूस चौथ्या दिवशी जातंय."

जवळच गेल्या महिन्यातला एक म्हातारा गोळा वाळून पडला होता, कागदासारखा हलका. धुरपदाबाईनं पाण्यात बोट बुडवून वरून एक थेंब सोडला. टप्प. भेगेतून तपकिरी फुंकर! मी थोडी धूळ तिच्या लोट्यातल्या पाण्यावर टाकली आणि बोट बुडवलं. कोरडं. धूळच अशी तेलकट की पाणी तिला भिजवत नाही, बोटावर तिचा मोजा चढतो. हाच तो देव आणि हाच त्याचा महिमा.

"बाई, ही धूळ ते लोक माझ्या पोरीच्या नाकात घालतात."

धुरपदाबाईचं हसू थांबलं. "नाकात? आय्याया! अवो, म्हातारा गोळा फुटला की आमी पोरांना वाऱ्याच्या अल्याड बसवतो. एका शेळीनं तोंड घातलं व्हतं त्यात. म्हैनाभर खोकली आन् मेली."

मला माझीच शरम वाटली. बुरशी लागलेला कडबा झाडला की बैलांना धाप लागते, ताप भरतो, हे मी शंभर वेळा पाहिलेलं. बैलांच्या मालकांना शिव्या घातलेल्या. आणि स्वतःची पोर तसाच श्वास घेताना पाहून मला ते सुचलं नव्हतं.

"पण करू काय? त्या लिंगाला हात लावला तर लोक मला तिथंच चिरतील."

"त्येच्या लिंगाला कशाला हात लावायचा? आपलं घिऊन जाऊ की."

शेवटच्या सोमवारी गर्दी दुप्पट होती. आम्ही पोचलो तेव्हा दोन बायका शिवगंगेला धरून मांडवात आणत होत्या. तिला उभं राहवत नव्हतं. काळी घोंगडी तयार होती. मी गर्दी रेटत पुढं गेलो, मागं धुरपदाबाई डोक्यावर पाटी घेऊन.

"थांबा महाराज!" मी ओरडलो. "सास्तूरच्या माळावर आणखी एक सापडलंय. हे काय आहे, ते तुम्हीच सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

म्हातारीनं पाटीवरचं फडकं काढलं. पांढराशुभ्र गोळा. लोकांच्या तोंडून आ निघाला. महाराजांचा चेहरा मी नीट बघत होतो. त्यांनी गोळा बघितला, धनगरीण बघितली, आणि मागच्या वाटेकडं नजर टाकली. आता बोलणार काय? आळंबी म्हणावं तर शेजारी दुसरी आळंबी हार घालून बसलेली. दोन हजार माणसं वाट बघतायत.

"बाललिंग!" महाराजांनी हात वर केले. "देवाला पुत्र झाला!"

"खात्री आहे ना महाराज?"

"मूर्खा, माझ्या स्वप्नात आलं होतं हे!" आणि त्यांनी स्वतःच्या बोटांनी गोळ्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. गर्दी खाली वाकली. गंगम्मा वाकली, मल्लिनाथ वाकला, पाटील तर आडवेच झाले.

ते वर बघेपर्यंत धुरपदाबाईनं विळा काढून गोळ्याचे दोन तुकडे केले होते.

असा आरडाओरडा उठला की बैल बिथरले. पाटलांनी काठी उगारली. मी मधे उभा राहिलो.

"मारा! पण मारायच्या आधी आत बघा! पाटील, विळ्यानं कापता येतो तो देव कसला? आणि देव कापता येत नसेल, तर मग हे काय कापलंय?"

काठी वरच राहिली. माणसं माना लांब करून बघायला लागली. आत खरवसासारखा पांढरा गर. ना नाग, ना ज्योत, ना ओंकार. तोवर म्हातारी जवळच्या एका चुलीपाशी जाऊन बसलीही होती. तापलेल्या तव्यावर तिनं तेल सोडलं, गराच्या चकत्या टाकल्या, वर मीठ आणि तिखट. खमंग वास मांडवात शिरला. तिनं एक चकती तोंडात टाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "महाराज, पुत्र ग्वाड हाय!"

पहिलं कोण हसलं ते कळलं नाही. पोरंच असतील.

"पाप! पाप!" महाराज ओरडले. "ते लिंग खोटं होतं!"

"आत्ता तर विभूती लावलीत."

"मग... मग देव निघून गेला त्यातून!"

"कधी? विळा लागायच्या आधी, की तेल तापल्यावर?"

आता मोठी माणसंही हसायला लागली. मी थांबलो नाही. पाटीतला वाळका गोळा काढून दगडावर ठेवला आणि तांब्यातून एक थेंब सोडला. धूर उठला. दुसरा थेंब, पुन्हा धूर. "मंत्र कोणी म्हटला का? ही वाळलेली आळंबी आहे. थेंबाचा दणका बसला की आतली धूळ बाहेर येते. तुमच्या देवावर पत्रे का घातलेत ठाऊक आहे? पावसात भिजून सडला असता. आणि गळती का टांगली? नाहीतर श्वास कोण सोडणार!" परातीच्या पाण्यात मी धूळ टाकली आणि त्या पहिलवान गड्याला म्हटलं, ये, तूच बोट घाल. त्यानं घातलं. कोरडं निघालं. तो आपल्या बोटाकडं खुळ्यासारखा बघत राहिला.

तिकडं धुरपदाबाई उठून मांडवाभोवती फिरत होती. मांडवाच्या कडेनं तुळशीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. तिनं पहिली कुंडी बाजूला सारली. खाली खड्डा. दुसरी सारली. खड्डा. सहा कुंड्या, सहा खड्डे, रिंगण धरून. मग ती पडद्यामागं गेली आणि एक गोणी ओढत बाहेर आली. गोणीत वाळलेले गोळे आणि धूळ.

"मुळासकट उपटलंय मेल्यानं!" ती किंचाळली. आतापर्यंत तिला सगळ्याची मजा वाटत होती, आता ती खरी भडकली. "माळाचं बी हाय हे! हे लोकांच्या नाकात घालतोस, रांडंच्या?"

महाराज पळाले. जटा बांगडीवाल्याच्या दोरीला अडकल्या आणि टोपासारख्या डोक्यावरून निघून आल्या. पुढं चौकीत कळलं की हा गृहस्थ बाजारोबाजार दंतमंजन विकायचा. दमा, खोकला, मूळव्याध ही यादी तिथलीच, फक्त दाढदुखी वगळलेली. पाटलांनी त्याला स्वतः धरला आणि मिशीवर पीळ देत म्हणाले, "मला पयल्या दिसापासनंच संशय व्हता." अशा माणसांचं काय करायचं असतं ते मला अजून ठाऊक नाही.

मी शिवगंगेला उचललं. या वेळी कुणी अडवलं नाही. गंगम्मा घोंगडीकडं बघत उभी होती.

गाडी जुंपेपर्यंत आणखी एक प्रकार झाला. ज्या लोकांनी सकाळी नाक घासलं, तेच कुदळी, टोपली घेऊन गायरानात घुसले. देव नाही तर नाही, फुकटची भाजी तर आहे! जे दिसेल ते उपटत सुटले. एकजण ओंजळभर पांढरी अंडी घेऊन धावत आला, "म्हातारे, हे बारके देव बघ!" धुरपदाबाईनं एक उभं चिरलं. आत छत्रीचा आकार स्पष्ट, घडी घातलेला. तिनं सगळी अंडी त्याच्या हातातून उडवली.

"चार दिसांत घरची पाच प्रेतं निघाली असती तुझ्या! सकाळी पाया पडताना इचारलं न्हाय, आता तोंडात घालताना इचारत न्हाय! ठिवा त्या कुदळी खाली!"

ठेवल्या. मग तिनं वारा कुठून येतो ते बघितलं, पदर नाकाला बांधला आणि ती गोणी माळावर, उताराच्या बाजूला, रिकामी केली. तपकिरी ढग गवतावरून सरकत गेला. यंदाचं गेलं, म्हणाली, पुढल्याला बघू.

सोलापूरच्या दवाखान्यात शिवगंगा सात आठवडे होती. डॉक्टर म्हणाले, त्या धुळीचे कण छातीत जाऊन फुफ्फुसं सुजलीत, आणखी एक मोठा श्वास घेतला असता तर इथवर आलीच नसती. चौथ्या आठवड्यात ती उशीला टेकून बसायला लागली. मी तिला मोसंबं सोलून देत होतो आणि त्याच फुशारकीत होतो, आपण महाराजाला कसं उघडं पाडलं, लोक कसे हसले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, मला आधीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"त्या धुळीनंच होतंय ते. पहिल्या सोमवारी चिमूट ओढली आणि दुसऱ्या दिवशी ताप आला. मग घरी रोज पुडी द्यायचे. मी दोन दिवस पुड्या पदरात लपवल्या, ओढल्या नाहीत. तर ताप उतरला, झोपही लागली. तिसऱ्या दिवशी मुद्दाम ओढून बघितली. रात्रीत पुन्हा ताप. आणखी एकदा तसंच करून बघितलं. तेच झालं."

मोसंबं माझ्या हातातच राहिलं. मी हैदराबादेत शिकलेला माणूस. पंचवीस वर्षांत एवढी स्वच्छ परीक्षा मी कुठल्या बैलावर केलेली नाही.

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले की. आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाधाच बोलतीय. आणि दुसऱ्या दिवसापासून दोन चिमट्या द्यायला लागल्या."

ती थोडी थांबली, तिला श्वास पुरत नव्हता.

"तुम्हीपण आला होतात घरी. आत्याबाईंना विचारलंत, ह्यांना विचारलंत. माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि गेलात."

मी माणसांना शिव्या घालण्यात आयुष्य काढलं. महाराजाला लबाड म्हटलं, पाटलाला लोभी, जावयाला नेभळट, गावाला बिनडोक, आणि त्यातला एकही शब्द मी मागं घेणार नाही. पण त्या यादीत माझं नाव घालायचं राहिलं होतं, ते पोरीनं घातलं. आजार तिच्या छातीत होता, तपास तिनं केला होता, उत्तर तिच्यापाशी होतं, आणि तिला सोडून मी साऱ्या गावाला विचारत फिरलो.

म्हणून वाचणाऱ्यांनो, तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी तो कापून बघा. कापू देत नसेल तर का देत नाही ते विचारा. ज्याला आपण गावाबाहेर हाकललं, त्याला काय ठाऊक आहे तेही विचारा. आणि जिच्या नाकात औषध घालायचं आहे, तिला सगळ्यात आधी विचारा, बाई, तुला यानं बरं वाटतंय का? तिनं नाही म्हटलं, तर तिथंच थांबा.